ट्रान्सफॉर्मरचं तेल आवारातच अडवायचं तर

पाहणीला गेलो की मी ट्रान्सफॉर्मरकडे नंतर बघतो, आधी त्याच्या खालच्या, सांडलेलं तेल अडवणाऱ्या खड्ड्याचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह शोधतो. तो उघडा सापडला तर बांधकाम कितीही देखणं असो, तेल अडवण्याची सोय नाही असाच शेरा मारतो. पावसाचं पाणी काढायला कोणीतरी व्हॉल्व्ह उघडतो, मग बंद करायचं राहून जातं. टाकी फुटली की तेल त्याच वाटेने नाल्यात.

सोय कधी करायची, हे नियमांवर ठरतं. भारतीय विद्युत सुरक्षा नियमांत 2000 लिटरपेक्षा जास्त तेलाचं उपकरण असेल तर सोक पिट, म्हणजे सांडलेलं तेल झेलणारा खड्डा हवा. एकाच टाकीत 9000 लिटरच्या वर तेल असेल तर सांडलेलं तेल बाजूला काढून नेण्याची व्यवस्थाही हवी. अमेरिकेत हिशेब सगळ्या आवाराचा होतो. तिथे 55 गॅलन आणि त्याहून मोठ्या टाक्या-उपकरणांची जमिनीवरची एकूण क्षमता 1320 गॅलनच्या, म्हणजे साधारण 5000 लिटरच्या वर गेली आणि तेल ओढ्या-नदीला मिळण्यासारखं असेल, तर तेलगळती रोखण्याचा लेखी आराखडा लागतो.

आता खड्डा केवढा? तेलाच्या 110 टक्के, हा ठोकताळा अनेकांच्या तोंडी असतो. उघड्या यार्डात तो मला पटत नाही. हिशेब करून बघा. तेल 20 घनमीटर. खड्डा आतून 8 बाय 6 मीटर, पैकी 12 चौरस मीटर प्लिंथने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याने खाल्ले, साठवायला राहिले 36. पाऊस मात्र सगळ्या 48 वर पडतो. दिवसात 150 मिलिमीटर पडला तर 7.2 घनमीटर पाणी. आग विझवायचे फवारे मिनिटाला दीड घनमीटर सोडत असतील तर दहा मिनिटांत आणखी 15. बेरीज 42.2 घनमीटर झाली, आणि 110 टक्क्यांनी आपण 22 चाच खड्डा खणणार होतो.

त्यात खडी. खडीत पोकळी साधारण 40 टक्के धरतात. म्हणजे एक मीटर खोल खड्डा काठोकाठ खडीने भरला तर त्यात मावतं फक्त 14.4 घनमीटर, नुसतं तेलसुद्धा नाही! खडीचं खरं काम आग विझवण्याचं आहे: जळतं तेल दगडांमधून झिरपताना थंड होतं आणि त्याला हवा मिळत नाही. त्यासाठी 40 ते 60 मिलिमीटरच्या खडीचा 300 मिलिमीटर थर पुरतो. तो लोखंडी जाळीवर अंथरा आणि खालची जागा मोकळी ठेवा. खडीत माती साचली की पोकळी बुजते, तेव्हा ती अधूनमधून काढून धुवायची. हे काम कोणालाच आवडत नाही.

जागा कमी असेल तर खड्डा लहान ठेवून उताराच्या पाइपने तेल दूरच्या सामाईक टाकीत न्या. टाकी सगळ्यात मोठ्या एका ट्रान्सफॉर्मरच्या तेलाइतकी चालते, पण पाऊस जोडलेल्या सगळ्या खड्ड्यांचा धरायचा. नकाशांत हा मुद्दा हमखास सुटतो.

खड्ड्याचा काठ रेडिएटर (तेल थंड करणाऱ्या पंख्या) आणि कन्झर्व्हेटर (वरची जादा तेलाची टाकी) यांच्याही बाहेर हवा, कारण दाबाखालचं तेल सरळ खाली पडत नाही, लांब उडतं. काँक्रीटच्या सांध्यांत वॉटरस्टॉप, म्हणजे गळती अडवणारी पट्टी घाला. भिंतीतून केबल किंवा अर्थिंगची पट्टी जाते ती भोकं तेलाला टिकणाऱ्या सीलने बुजवा. केबल ट्रेंच, म्हणजे केबल टाकायचा चर, हा तेलाचा लाडका रस्ता आहे. एकदा तेल तिथे शिरलं की कुठे निघेल सांगता येत नाही. बांधून झाल्यावर खड्डा पाण्याने भरा, पातळीची खूण करा, शेजारी एक भरलेली बादली ठेवा. दुसऱ्या दिवशी खड्ड्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर गळती आहे.

पाणी काढण्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. खनिज तेलाची घनता पाण्याच्या सुमारे 0.88 पट, म्हणून ते वर तरंगतं आणि तळाजवळून पाइप काढला तर फक्त पाणी बाहेर जातं. युक्ती चांगली, पण उन्हाळ्यात तळाचं पाणी आटतं. तेव्हा सांडलेलं तेल त्याच पाइपने निघून जाईल. एकतर कोरड्या दिवसांत तळाशी पाणी राखा, नाहीतर व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात ठेवा. उघडण्याआधी पाण्यावर रंगीत तवंग आहे का बघायचं, पाणी निघेपर्यंत माणूस तिथेच उभा राहील, आणि बंद केल्याची वेळ व सही नोंदवहीत. पंप बसवला असेल तर तेल ओळखणारा सेन्सर लावा. पातळी वाढली की पंप चालू करणारा साधा फ्लोट स्विच पाणी आणि तेल यांत फरक करत नाही, तेलही इमानेइतबारे बाहेर फेकतो.

फिल्टर मशिन लावून तेल गाळण्याचं काम चालू असताना होजचे जोड खड्ड्याबाहेर असतात. त्यांच्याखाली ट्रे ठेवा, जवळच्या गटारांच्या जाळ्या झाका, आणि पाणी न पिता तेल शोषणारे पॅड हाताशी ठेवा. लाकडाचा भुसा नको, तेल प्यायलेला भुसा म्हणजे सरपणच. भिजलेले पॅड आणि माती घातक कचऱ्यात जातात. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल असेल तर पीसीबी या विषारी रसायनाची तपासणी आधी करा; ते सापडलं तर विल्हेवाटीचे नियम कडक होतात आणि ते तेल दुसऱ्या ड्रममध्ये मिसळायचं नाही.