‘पाच लाखांपर्यंत सुरक्षित’ लिहिण्याआधी

पैशांविषयी सामान्य वाचकासाठी लिहायला लागलात की आकडा सापडला म्हणजे काम झालं असं वाटतं. काम तिथून सुरू होतं. आकड्याला अटी चिकटलेल्या असतात आणि त्या गाळल्या की लेख वाचकाला बुडवतो.

ठेव विम्याचंच घ्या, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या संरक्षणाचं. ‘बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित’ हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. मर्यादा खात्याला नसते, एका बँकेतल्या एका ठेवीदाराला असते. एकाच बँकेच्या कोथरूड शाखेत ३ लाख आणि हडपसर शाखेत ३ लाख ठेवले, तर विमा ५ लाखांनाच. बचत, चालू, मुदत, आवर्ती सगळं एकत्र मोजतात. त्यात व्याजही धरतात: मुद्दल ४,८०,००० आणि साठलेलं व्याज ३५,००० असेल, तर १५,००० उघड्यावर. नवराबायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजलं जातं. नागरी सहकारी बँकेला हे संरक्षण आहे, पतसंस्थेला नाही. आपल्याकडे ही ओळ वगळणं अक्षम्य आहे, कारण गावात दोन्हींना ‘बँक’च म्हणतात. आणि ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. जुन्या लेखांत १ लाखच सापडेल.

म्हणून मसुद्यात प्रत्येक आकड्यासमोर लिहा: कोणाला, कशावर, कधीपासून, कोणी ठरवलं. शेवटच्या रकान्यात बातमी चालणार नाही, मूळ परिपत्रकच हवं. हे करायचा कंटाळा असेल तर कृपा करून या विषयावर लिहू नका.

कंपनीच्या माहितीपत्रकावरून लेख रचणं तर मला मुळीच मान्य नाही. कर्जाचं ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ व्याज (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेलं) घ्या: १ लाखावर ३ वर्षांत ३०,००० व्याज, महिन्याचा हप्ता ३,६११. घटत्या शिलकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या कर्जावरच, १० टक्के असते तर हप्ता ३,२२७ च्या आसपास आला असता. एक्सेलच्या रेट फंक्शनमध्ये ३६, उणे ३६११ आणि १००००० भरा, उत्तराला १२ ने गुणा: जवळजवळ १८ टक्के! गणिताची धास्ती नको, लागतं ते एवढंच. चार-पाच लेखांत हात बसतो.

लेख सीएकडून जरूर तपासून घ्या, पण अवघड जागा त्याला दिसणार नाहीत. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. घरातल्या निवृत्त माणसाला वाचायला द्या. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा. ज्येष्ठांच्या ठेवींवर एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते तो कर, कापत नाहीत (१ एप्रिल २०२५ पासून). हे वाचून ते ‘म्हणजे एवढं व्याज करमुक्त’ म्हणाले (कर कापला नाही म्हणजे माफ झाला असं नाही), तर तो परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.