हृदयाभोवतीचे पाणी काढल्यानंतर या चुका टाळा

इंदूरमध्ये हृदयरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना देवास, धार, खरगोनहून आलेल्या मराठी कुटुंबांकडून एक वाक्य मी सतत ऐकते : "पाणी काढलं ना सिस्टर, आता कसली काळजी?" हे पाणी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस या समजुतीमुळेच हातचे जातात.

हृदयाच्या आवरणात एरवी 15 ते 50 मिलिलीटर द्रव असतो. तो वाढून हृदय दाबले गेले की शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब कसाबसा टिकवते. मग दाब एकदम हटला, तर अडलेले रक्त परत येऊन हृदयावर अचानक भार पडतो, आणि ते आधीच दुबळे असेल तर रक्तदाब कोसळतो किंवा फुफ्फुसांत पाणी भरते. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतू शकते. म्हणूनच खूप पाणी साचले असेल तर ते टप्प्याटप्प्याने, सहसा एका वेळी एक लिटरच्या आतच काढतात. "एकदाच सगळं काढून टाका" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र माहिती लपवण्याची आहे. एका आजोबांच्या मुलाने मला दाराबाहेर बोलावून हळूच सांगितले, "अण्णांसमोर कॅन्सरचं नाव काढू नका." अण्णांपासून ते लपवायचे की नाही हा घरचा प्रश्न होता, पण त्या भरात छातीला पूर्वी दिलेले रेडिएशन भूलतज्ज्ञांनाही सांगायचे राहून गेले होते. कर्करोग, जुना हृदयविकार, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसलेली हृदयाची कमी ताकद, डायलिसिस आणि शस्त्रक्रियेपूर्वीच घसरलेला रक्तदाब या गोष्टींमुळे धोका वाढतो. त्या कागदावर लिहून, जुन्या अहवालांसह, भूलतज्ज्ञांच्या हाती द्याव्यात.

उरलेला द्रव बाहेर यावा म्हणून ठेवलेल्या नळीच्या बाटलीबाबतही घोटाळे होतात. एकदा रात्रपाळीत रुग्णाच्या सुनेने स्वच्छतेसाठी म्हणून बाटली स्वतःच रिकामी केली आणि त्या रात्रीचे माप कायमचे हरवले. साधारणपणे दिवसाला 25 ते 30 मिलिलीटरहून कमी द्रव येऊ लागल्यावरच नळी काढण्याचा विचार होतो, त्यामुळे प्रत्येक आकडा मोलाचा असतो. द्रव अचानक थांबला आणि त्याच वेळी धाप वाढली, तर नळी गुठळीने तुंबलेली असू शकते. तेव्हा सिस्टरला ताबडतोब हाक मारावी.

'पाणी' या शब्दानेही फसगत होते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने हृदयाभोवतीचे पाणी उतरेल असे समजून घरची जुनी गोळी देणारे अनेक भेटतात, पण हृदय दाबलेले असताना तिने रक्तदाब आणखी खालावू शकतो. रक्त पातळ करणारे औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

छातीतील धडधड गॅसवर ढकलू नये. शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा ठोका अनियमित होऊ शकतो आणि ते ईसीजीवर कळते. आपल्याकडे या पाण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. बरे वाटू लागताच त्याच्या गोळ्या सोडल्या, तर आजार उलटू शकतो आणि आवरण जाड व कडक होऊन हृदय पुन्हा आवळले जाऊ शकते. घरी गेल्यावर पाय सुजले, आडवे झाल्यावर धाप लागली किंवा चक्कर आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.