जुना स्पीकर घेताय? कोन मूळचा की बदललेला, ओळखताना या चुका टाळा

जुना स्पीकर हातात आला की बहुतेकांची नजर आधी पुढच्या कोनावर, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्यावर जाते. कोन फाटलेला नाही, सराउंड, म्हणजे कोनाभोवतीची लवचीक कड, शाबूत आहे, एवढं बघून पैसे मोजले जातात. तसं करू नका. आधी स्पीकर उलटा करा आणि बास्केटच्या, म्हणजे मागच्या सांगाड्याच्या, फटीतून कोनामागचा स्पायडर बघा.

कोनाला मधोमध धरून ठेवण्याचं आणि प्रत्येक हालचालीनंतर जागेवर आणण्याचं मोठं काम स्पायडरच करतो. राळ मुरवून कडक केलेलं हे वळ्यावळ्यांचं कापड व्हॉइस कॉइलला, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, चुंबकाच्या चिंचोळ्या फटीत सरळ ठेवतं. सराउंड पुढची कड सांभाळतो आणि तिथवर आलेली कंपनं शोषतो. दोघांपैकी एक जरी बिघडला तरी कॉइल घासू लागते.

टॉर्च मारून पाहा. मूळ स्पायडरच्या वळ्यांत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. बास्केट मळकट आणि स्पायडर मात्र कोरा करकरीत असेल, तर कोन बदललेला असण्याची दाट शक्यता. त्यात जुना गोंद खरवडल्याचे ओरखडे, गास्केटखालून (कडेवरच्या पट्टीखालून) ओघळलेला नवा गोंद आणि टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या जागी, चकचकीत सोल्डर दिसलं की शंका उरत नाही.

बास्केटवरच्या तारखेवर विसंबू नका. जुन्या अमेरिकी स्पीकरवर २२०६३२ असा आकडा असेल तर २२० म्हणजे जेन्सन, ६ म्हणजे १९५६ किंवा १९६६, आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा ३२ वा आठवडा. पण ही तारीख सांगाड्याची. कोन काल बसवलेला असला तरी ती तशीच राहते. उलट कंपनीची मूळ घडण माहीत असेल तर फसवणूक लगेच कळते. जेबीएलच्या १५ इंची डी१३० ची कड कोनाच्याच चुणीदार कागदाची असते आणि मध्ये ४ इंची अॅल्युमिनियमचा घुमट असतो. त्याला फोमचा सराउंड दिसला, तर तो कोन मूळचा नाहीच.

कोन एका बोटाने एका बाजूला दाबून तपासणं चुकीचं. त्याने चांगली कॉइलही तिरकी होऊन घासते. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून हलकेच, सारखा दाब द्या. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो म्हणून कॉइल जळाली, असंही समजू नका. मीटर फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाला होणारा रोध मोजतो; ८ ओहम हा आकडा आवाजाच्या बदलत्या प्रवाहासाठीचा असतो.

फोमचा सराउंड दमट हवेत आपोआप भुसभुशीत होतो, कोकणपट्टीत तर लवकरच. त्यावर फेविकॉल फासू नका. कड ताठ होते, अनुनाद (कोनाची नैसर्गिक कंपनसंख्या) वर सरकतो आणि खर्ज हरवतो. काही जुन्या कापडी किंवा कागदी कडांवर मात्र कंपनीनेच चिकट लेप दिलेला असतो. तो घाण समजून पुसू नका.

कोन बदललेला स्पीकर वाईटच असतो असं नाही. कंपनीच्या किटने (कोन बदलायच्या सुट्या भागांच्या संचाने), जाणत्या हाताने केलेलं काम उत्तम वाजतं. म्हणून विकणाऱ्याला किट कुणाचं होतं ते थेट विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर मूळ कोनाचा भाव देऊ नका.