लस नको म्हणणाऱ्याशी कसं बोलायचं

मी नर्स आहे. कोविडच्या साथीत कित्येक महिने लसीकरणाच्या टेबलाशी होते. पुढच्या साथीत घरातलं माणूस लस नको म्हणून अडून बसलं तर काय करायचं, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगते: समजवायला घाई करू नका. आधी विचारा, "नेमकी कशाची भीती वाटते?" आणि गप्प बसा.

एक काका तीनदा रांगेतून परत गेले. मोबाइलवरचे मेसेज वाचून घाबरले असतील, असं आम्ही धरून चाललो. चौथ्यांदा मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. काका बराच वेळ शर्टाची बाही खालीवर करत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सिस्टर, सुई बघितली की मला चक्कर येते. सगळ्यांसमोर पडलो तर?" आडवं झोपवून, तोंड भिंतीकडे करून लस दिली. दोन मिनिटांचं काम. आधीच विचारलं नाही, ही चूक आमची.

भीती कळली की तेवढ्यालाच उत्तर द्या. "इतक्या लवकर लस कशी बनली?" हा रास्त प्रश्न आहे. कोविडच्या काही लशी एमआरएनए तंत्राच्या, म्हणजे विषाणूचा एक तुकडा बनवायची सूचना पेशींना देणाऱ्या. या तंत्रावर कित्येक वर्षं काम चालू होतं. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांचा कळीचा शोध २००५ चा, त्यासाठी नोबेल मिळालं २०२३ मध्ये. विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्येच जाहीर झाला. चाचण्यांचे टप्पे गाळले नाहीत, एक संपायच्या आत पुढचा सुरू केला. निकाल हाती येण्याआधीच उत्पादनही सुरू केलं, म्हणून वेळ वाचला.

लशीने डीएनए बदलतो म्हणणाऱ्याला आधी खरं काय ते सांगा, अफवा पुन्हा उगाळू नका: एमआरएनए पेशीच्या केंद्रकात, जिथे डीएनए असतो, तिथे जातच नाही आणि लवकरच मोडून जातो.

"काही होत नाही हो" असं मात्र कधीच म्हणू नका. दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. अॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर (भारतात कोविशील्ड) अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लशींनंतर मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली. हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये काही देशांनी कोणत्या वयाला कोणती लस द्यायची ते बदललं. हे तुमच्या तोंडून कळू द्या. बाहेरून कळलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार अवघड असतं.

लस घेऊनही लागण होऊ शकते, हेही सांगा; मोठा फायदा आजार गंभीर न होण्यात आहे. पूर्वी जोराची अॅलर्जी आली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज नाही म्हणाले तर भांडू नका, दोन दिवसांनी पुन्हा विषय काढा. हो म्हणाले तर एकटं पाठवू नका. लस टोचल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटं थांबवतात, तेव्हा शेजारी बसा. काकांच्या शेजारी त्या दिवशी त्यांची मुलगी बसली होती, बाही खाली करून देत.