पेपरला जास्तीचा वेळ: मिळवायचा कसा, वापरायचा कसा

माझा लेक चौथीत होता. पालकसभेला मी जरा लवकर पोचले आणि वर्गाच्या खिडकीतून त्याला फळ्यावरून 'परिसर अभ्यास' उतरवताना पाहिलं. सात अक्षरं, सात वेळा मान वर. 'प' लिहिला, वर पाहिलं. 'रि' लिहिली, वर पाहिलं. बाकीची पोरं तिसऱ्या ओळीवर होती आणि हा शीर्षकावरच. पेन्सिल इतकी दाबून की अक्षरं पानाच्या मागून हाताला लागायची. तोंडी विचारलं तर हाच पोरगा अख्खा धडा सांगायचा.

मी नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करते. त्याची दहावी झाली, तेव्हापासून ब्लाऊज शिवायला आलेल्या बायका मापं देता देता विचारतात, वाचण्या-लिहिण्यात अडणाऱ्या आमच्या लेकरांना पेपरला जास्तीचा वेळ कसा मिळेल. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी पोराचे डोळे आणि कान तपासून घ्या, कारण तिथूनच सुरुवात करायला सांगतात. मग बुद्ध्यांकाची चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे एका बैठकीत होत नाही, शाळेच्या रजा धरून ठेवा. खाजगी तपासणीचा अहवाल अडचण समजायला फार कामाचा, पण सवलतीसाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज इंटरनेटवर, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लेखनाची), डिसकॅल्क्युलिया (गणिताची) त्यातच येतात. 'दिव्यांग' शब्द वाचून माझे सासरे दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना मी एवढंच म्हटलं, बाबा, शब्द कागदावर राहील, पोरगा आपलाच राहील.

एक गोष्ट मनावर घ्या. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र दहावीपर्यंत चालेलच असं समजू नका. आमचं चौथीतलं होतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागली. नववी लागली की कपाटातून ते काढा आणि त्यावरची तारीख वाचा. दहावीच्या दिवाळीत धावपळ सुरू केली तर रडायची वेळ येते.

जास्तीच्या वेळेसाठी बोर्डाचा अर्ज शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. मुख्याध्यापकांची सही लागते. तुमच्या अर्जाची पोच घ्या, प्रत घरी ठेवा. परीक्षेचा फॉर्म भरताना अक्षमतेचा रकाना नीट भरला ना, हे शाळेत बसून डोळ्यांनी बघा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. तासाला 20 मिनिटं जास्त. मराठी-इंग्रजीचा तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. गणित, विज्ञानाचे भाग दोन तासांचे, ते 2 तास 40 मिनिटांचे. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट'सारख्या तीन तासांच्या परीक्षेलाही एक तास मिळतो.

आता खरं काम. वेळ मिळाला म्हणजे तो वापरता येतो असं नाही. नववीच्या परीक्षेत माझ्या लेकाला पहिल्यांदा जास्तीचा वेळ मिळाला आणि तो सगळ्यांबरोबर घरी आला. मी विचारलं, तर म्हणे, "सगळे जाऊन राह्यले होते ना आई, मी एकटाच काय बसू?" दोन प्रश्न कोरे होते. त्या दिवशी मला कळलं की बसणंही शिकवावं लागतं.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी अकराच्या ठोक्याला पेपर, माझ्या शिलाई मशीनच्या बाजूच्या टेबलावर. पहिले दोन पेपर वेळेची अट न घालता सोडवायला दिले. मी फक्त वहीत लिहीत गेले, वेळ जातो कुठे. वाचण्यात? आठवण्यात? की लिहिण्यात? हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमचा अर्धा वेळ प्रश्न वाचण्यातच जायचा. लिहिण्यातच सगळा जात असेल तर लेखनिकाचा विचार करा. पण लेखनिकाबरोबरही महिनाभर सराव हवा, उत्तर बोलून सांगणं ही वेगळीच कला आहे.

मग तो जास्तीचा तास आम्ही वाटून घेतला. सगळा शेवटी ठेवला तर थकलेल्या हाताला त्याचा काही उपयोग नाही. पहिली पंधरा मिनिटं नुसतं वाचन, ओळीखाली पट्टी धरून. 'कोणतेही दोन' दिसलं की गोल. दर तासाला पेन खाली, दोन घोट पाणी, बोटं मोकळी. शेवटची वीस मिनिटं प्रश्नक्रमांक आणि उतरवलेले आकडे तपासायला. गणितात त्याचा 69 चा 96 व्हायचा, म्हणून तो आकड्यावर बोट ठेवून पुटपुटत तपासायचा. तो नुसता आकडे जुळवण्यातला वेळ होता, पण त्यानेच त्याचे गुण वाचले.

सरावाला गोंगाटही हवा. दोनच्या सुमारास बाकीची पोरं सुटतात, बाहेर आरडाओरडा, सायकली, वर मार्चचं ऊन. मी त्या वेळी मुद्दाम मशीन चालवायचे, टीव्ही लावायचे. सुरुवातीला चिडायचा, नंतर मान वर करेना.

पेपरच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन केंद्रसंचालकांना मंजुरीचं पत्र दाखवा. झेरॉक्स पोराजवळही द्या. पर्यवेक्षक रोज बदलतात, एखाद्याला कल्पना नसते आणि तो उत्तरपत्रिका ओढायला येतो. आमच्याकडे सराव परीक्षेत हे झालं आणि पोराच्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून एक वाक्य मी त्याच्याकडून रोज जेवताना म्हणून घ्यायचे: "सर, माझा वेळ अजून बाकी आहे, पत्र केंद्रसंचालकांकडे आहे." बोर्डाच्या तिसऱ्या पेपरला त्याला ते म्हणावं लागलं. त्याने म्हटलं, सर मागे फिरले.

आणि ऑटोवाल्या काकांना तीन वाजून गेल्यावरच या म्हणून सांगा. दोनला फाटकाबाहेर ओळखीचा हॉर्न वाजला की पोराचा हात थांबतो.