म्हातारी घोडी दुखण्यातून उठवायची तर: ती तबेल्यात यायच्या आधीची तयारी

आमची राणी २२ वर्षांची. पाचगणीच्या टेबललँडवर, जांभ्या खडकावर पर्यटकांना फिरवण्यात तिची उमर गेली आणि तिथेच पुढच्या उजव्या पायाची, गुडघ्यामागून खाली जाणारी शिर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा दोर, टेंडन) फाटली. पावसाळ्याच्या तोंडावर तिला वाईला आणलं. तेव्हा माझा सगळा जीव कुठली पूरक खाद्याची पावडर आणावी यातच अडकला होता. खरं तर पावडरीचा डबा तयारीच्या यादीत बराच खाली येतो.

सगळ्यात आधी दात दाखवून घ्या. घोड्याच्या दाढा झिजताना कडेला धार धरतात, गालाला आणि जिभेला टोचतात. चघळलेल्या वैरणीचे गोळे गव्हाणीत पडलेले दिसले किंवा लिदेत अख्खे दाणे आले, तर खाल्लेलं अंगी लागत नाही असं समजा. पशुवैद्य दाढा घासून देतात. त्याच फेरीत धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि रक्ततपासणी उरकून घ्या. उन्हाळ्यातही अंगावरचे लांब केस झडत नसतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हाताऱ्या घोड्यांत पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा विकार बराच आढळतो. तो असेल तर साखर आणि पिष्ट दोन्ही बेताने द्यावं लागतं, नाहीतर खुरांच्या आत सूज धरते. साताऱ्याच्या लोकांना मोठ्या तपासणीसाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे.

मग शिंप्याचा टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. राणीचा घेर १५० आणि लांबी १४० होती, म्हणजे वजन साधारण २६५ किलो. हा आकडा हाताशी नसेल तर पुढचं प्रत्येक माप अंदाजपंचे होतं. दर पंधरवड्याला मोजून वहीत लिहा.

वैरणीची सोय पुरेशी आधी करा. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडं खाणं लागतं, म्हणजे राणीला दिवसाला चार ते पाच किलो, आणि त्यातली बरीचशी वैरणच हवी. वाळलेलं गवत बारीक कापून पाण्यात भिजवलं की म्हाताऱ्या दातांना झेपतं. आपल्याकडे उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून तेच पुढे टाकायचा मोह होतो, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, घोडी आवडीने खाते. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, म्हणून तो मूठ-दोन मूठ चवीपुरताच. लसूणघास (ल्यूसर्नचा चारा) मात्र थोडा रोज असावाच. त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही आहेत, शिवाय सुजेवरच्या गोळ्या चालू असताना पोटातलं आम्ल थोडं शमतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. गाई-म्हशींचं पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात मोनेन्सिन हे खाद्यात मिसळायचं औषध असू शकतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्याने निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. पोती वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवा. तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी, तीही वेगळी ठेवा.

फाटलेली शिर भरायला प्रथिनं लागतात, त्यातही लायसिन हा त्यांचा घटक. हरभऱ्याच्या चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या खुराकात, ते असतं, पण बांधून ठेवलेल्या घोडीला पोटभर चंदी नको. मी चंदी निम्मी केली आणि भिजवलेल्या सोयापेंडीचे २०० ग्रॅम दोन वेळांत वाटून दिले. कच्चं सोयाबीन देऊ नका. गूळ बंद केला, तिला फार आवडायचा तरी. खाण्यातला कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोटशूळ उठतो.

आता डबे. घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण घ्या, त्यात तांबं आणि जस्त असावं. हिरवा चारा नसेल तर ई जीवनसत्त्व लागतं, कारण वाळलेल्या गवतात ते उरत नाही. दोन डब्यांत मिळून सेलेनियम हे खनिज दुप्पट होत नाही ना, हे लेबलावर पाहा. ते जास्त झालं तर विष आहे. जवस ताजं दळून ५० ग्रॅम. खुरं तडकत असतील तर बायोटिन, पण खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, तेव्हा सहा-नऊ महिन्यांची तयारी हवी. ग्लुकोसामाइन महाग आहे आणि तोंडावाटे दिल्याने उपयोग होतो याचा पुरावा कच्चा आहे. मी ते पैसे लसूणघासावर घातले. सांगलीची हळदही पुष्कळांनी सुचवली, पण ती मी डॉक्टरांच्या औषधाच्या जागी दिली नाही.

यातलं एका वेळी एकच सुरू करा, दुसरं दोन आठवड्यांनी. पहिल्या महिन्यात मी चार पावडरी एकदम घातल्या, लीद पातळ झाली आणि कशामुळे ते कळेना. सगळंच थांबवावं लागलं. राणीचे ते दिवस माझ्यामुळे फुकट गेले.

मीठ रोज २५ ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी थंडीत कोमट. शिर भरायला नऊ ते बारा महिने लागतात. लगाम धरून किती चालवायचं हे सोनोग्राफी पाहून डॉक्टर ठरवतील. घोडी बरी दिसली म्हणून मोकळी सोडू नका.

आणि शेजारी सोबत ठेवा. घोडा कळपातला जीव, एकटा पडला की खाणं टाकतो. आम्ही राणीजवळ एक शेळी बांधली, त्या संध्याकाळी तिने तोबरा तळापर्यंत चाटून काढला.