सेवेच्या परदेशवारीतून आलेला बदल टिकवायचा कसा

सेवेच्या ट्रिपवरून परत आल्यावर पहिले पंधरा दिवस माणूस वेगळाच असतो. नळ सोडला तरी भरून येतं, कपाट उघडलं की एवढे कपडे कशाला घेतले असं वाटतं, प्रार्थनेला बसलं की तिथले चेहरे डोळ्यासमोर येतात. आणि मग चार-सहा महिन्यांत सगळं हळूहळू पूर्वीसारखं होतं. माझं झालंय, माझ्यासोबत गेलेल्या बऱ्याच जणांचं झालंय, म्हणून हे लिहितेय. तुम्ही चर्चकडून जा, मशिदीकडून, गुरुद्वाराकडून, मठाकडून नाहीतर मंदिराकडून, धर्म कुठलाही असो, अडचण साधारण एकच असते.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही. 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात घरं बांधून द्यायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे कितीतरी ग्रुप गेले होते. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आणि तो 2006 मध्ये छापून आला. त्यात दिसलं की घर परदेशी टीमने बांधलं काय किंवा स्थानिक लोकांनी बांधलं काय, तिथे राहणाऱ्या कुटुंबाला फारसा फरक पडला नव्हता. आणि व्हॉलंटियर म्हणत होते की आम्ही बदललो, आता जास्त दान करतो, पण दानाच्या नोंदी बघितल्या तर वाढ अगदी थोडी. ते लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, त्यांना मनापासून तसं वाटतच असणार. फक्त घरी आल्यावर धीर देणारं आणि जाब विचारणारं कोणी नसेल तर ते वाटणं विरून जातं.

तर तयारी जायच्या आधीपासून करा. एका कागदावर लिहून काढा की मी का जातेय, आणि खरं लिहा, म्हणजे फिरायला मिळेल, घरच्या कटकटीतून सुटका होईल, देवाच्या जवळ गेल्यासारखं वाटेल, जे काही असेल ते. हा कागद जपून ठेवा, परत आल्यावर लागणार आहे. मग यजमान संस्थेला विचारा की आम्ही आलो नाही तर हे काम कोण करेल. उत्तर जर 'इथलेच लोक करतील, मजुरी मिळेल त्यांना' असं असेल तर कामच बदलून मागा. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक पाद्री, त्यांनी 1968 मध्ये मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ऐकायला कडू आहे, पण जायच्या आधी टीमने एकदा बसून यावर बोलावंच असं मला वाटतं.

अनाथाश्रमात दोन आठवड्यांसाठी जाणं तर टाळाच. तिथल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुणे येतात पैसे येतात म्हणून मुलं घरापासून तोडून आणल्याचे प्रकार झालेत. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या व्हॉलंटियरिंगचा प्रश्न घेतला तो यामुळेच. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येऊन जीव लावतो आणि निघून जातो, त्या मुलाच्या मनाचं काय होत असेल याचा विचार करा.

आता तिथे पोचल्यावरचं. कॅलर्व्हो ओबर्ग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1950 च्या दशकात कल्चर शॉकचे, म्हणजे परक्या ठिकाणी गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे मांडले. आधी सगळं गोड वाटतं, मग चीड यायला लागते, मग हळूहळू सावरतो, मग रुळतो. आपली ट्रिप दोन-तीन आठवड्यांची, म्हणजे बहुतेक जण पहिल्या गोड टप्प्यातच विमानात बसून परत येतात आणि त्या गोडव्यालाच बदल समजतात. खरं काही घडतं ते चीड येते तिथे. म्हणून चीड आली तर घाबरू नका, ती दाबूही नका, तिथेच थोडं थांबा.

माझं सांगते. मला शिकवायचं होतं, तयारी करून गेले होते, आणि मला दिलं काय तर आजारी माणसांच्या चादरी धुवायचं काम. भाषा येत नव्हती, पाणी गार, सोबत एक तिथल्याच मावशी, त्या माझ्या दुप्पट वेगाने धुवायच्या आणि माझी चादर हळूच परत पाण्यात टाकायच्या. तिसऱ्या दिवशी मला इतका राग आला की मी लीडरशी भांडले, इथे माझा काही उपयोग नाही म्हणाले. आणि रात्री पडल्या पडल्या कळलं की मला उपयोगी पडायचं नव्हतंच, मला उपयोगी दिसायचं होतं. श्रद्धा वगैरे मी जे म्हणत होते त्यात किती 'मी' भरला होता ते त्या रात्री दिसलं. पाचव्या दिवशी मी मावशींचं नाव विचारलं, त्याआधी विचारलंच नव्हतं. पुढचे आठ दिवस त्या मला चादर पिळायला शिकवत होत्या, आणि ट्रिपमधलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

तैवानची त्झू ची ही बौद्ध संस्था, चेंग येन या भिक्षुणीने 1966 मध्ये सुरू केलेली, तिचे व्हॉलंटियर आपत्तीच्या ठिकाणी स्वखर्चाने जातात आणि मदत देताना दोन्ही हातांनी देतात, वाकून देतात, घेणाऱ्याचे आभार मानतात. हे करून बघा. वाकल्यावर आपण देणारे आहोत हे डोक्यातून थोडं उतरतं.

रोज रात्री दहा मिनिटं काढा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतांनी दिवसाकडे मागे वळून बघायची प्रार्थना घालून दिली, त्यांनी सुरू केलेल्या संघाचे जेझुइट लोक ती अजून करतात, आणि तिचा गाभा कुठल्याही धर्माच्या माणसाला वापरता येतो. आज मला कोणाकडून काय मिळालं, मी कुठे चिडले, देव कुठे जाणवला आणि कुठे अजिबात जाणवला नाही. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. इतकं दुःख बघून श्रद्धा हलते, हलू दे, डायरीत लिहा, जमलं तर तिथल्या लोकांनाच विचारा की तुम्ही कसे टिकून राहता. फोटोंचं थोडक्यात सांगते, आधी विचारा, आणि आपल्या आजारी आईचा असा फोटो कोणी टाकलेला चालला असता का एवढं बघा. 'परत येईन' असं वचन देऊ नका, तिकीट काढलेलं असेल तरच द्या.

परत आल्यावरचा भाग सगळ्यात अवघड, आणि याची तयारी जवळपास कोणीच करत नाही. घरी येतानाही शॉक बसतो, 1963 मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने हे लिहून ठेवलंय. घरचे लोक उथळ वाटायला लागतात, सगळ्यांना लेक्चर द्यावंसं वाटतं. देऊ नका हो. ते तिथे नव्हते, आणि आपल्या घरी राहिले म्हणून काही त्यांची श्रद्धा कमी झालेली नसते. कोणी विचारलं कशी झाली ट्रिप, तर एका माणसाची एकच गोष्ट सांगा, तीही तो शहाणा दिसेल अशी, बिचारा दिसेल अशी नको.

मग तो पहिला कागद काढा. का गेले होते आणि काय झालं, शेजारी शेजारी लिहा. त्यातून एकच गोष्ट निवडा, लहान, दर आठवड्याला जमेल अशी, आणि शक्यतो तिथे केली तशाच कामातली. दानाची रक्कम ठरवली असेल तर त्याच आठवड्यात बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. आणि एक माणूस शोधा जो विचारेल. टीममधला असेल तर उत्तम, पण लाडाने विचारणारा नको, खरं विचारणारा हवा.

मला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टीममधल्या मैत्रिणीचा फोन येतो. ती एवढंच विचारते, या महिन्यात काय केलंस. पहिले दोन महिने मी इकडचं तिकडचं बोलून विषय टाळला, तिने टाळू दिला नाही. तिसऱ्या महिन्यात मी इथल्याच एका आजारी माणसांच्या आश्रमात जाऊन विचारलं, चादरी कोण धुतं.